गाणे आपले, मग उचल कशासाठी?

केज तालुक्यातील एखाद्या लहान बँड पथकाने स्वतः रचलेले गाणे ध्वनिमुद्रित करून केव्हा आणि कोणत्या अटींवर लोकांपुढे आणावे, हा प्रश्न राजकीय साप्ताहिकाने चर्चेला घ्यावा काय, अशी शंका काही वाचकांना येईल. आमच्या मते अवश्य घ्यावा. कारण हा प्रश्न अखेर श्रमाचा, श्रमाच्या मोबदल्याचा आणि श्रमिकाच्या नावाचा आहे. मराठवाड्यात हलगी आणि सनई वाजविणारे हात प्रामुख्याने मातंग आणि अन्य दलित समाजांतले. जातीने नेमून दिलेले काम म्हणून वाद्य त्यांच्याकडे आले. वाजविणे गावाने हक्काचे मानले, वाजविणाऱ्याचा हक्क मात्र मानला नाही.

आज मोबाइलमुळे गाणे लोकांपर्यंत नेण्याचा खर्च जवळजवळ उरलेला नाही. त्यामुळे गाणे बसले की त्याच रात्री ते यूट्यूबवर टाकावे, असा तरुण वादकांचा उत्साह असतो. हा उत्साह समजण्याजोगा आहे. पण तो हिशेबाचा नाही. केजचे पंचांग वेगळे आहे. दसरा उलटला की बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे रिकामी होऊ लागतात. बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पथकाचे श्रोते हेच, आणि कित्येकदा पथकातले वादकही यांच्यातलेच.

तेव्हा आमची सूचना अशी. टोळ्या परतल्यावर, चैत्र-वैशाखातील जत्रांत आणि १४ एप्रिलच्या जयंतीत गाणे आधी लोकांसमोर गावे. कुठे टाळी पडते, कुठे शब्द अडतो, हे तिथेच कळते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाची गाणी ध्वनिमुद्रिकेची वाट पाहत बसली नव्हती. ती मैदानात आणि गिरणगावच्या चाळींत रुजली. आषाढी एकादशीनंतर लग्नसराई थांबते, सुपाऱ्या कमी होतात. तो काळ ध्वनिमुद्रणाचा. आणि गाणे बाहेर काढावे ते दसऱ्याच्या आधी, म्हणजे निघणारी टोळी ते आपल्याबरोबर फडावर नेईल आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या सुपाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. दहा गाणी एकदम काढून विसरली जाण्यापेक्षा दर हंगामाला एक-दोन नेटकी गाणी काढणे लहान पथकाला परवडणारे आहे.

वेळेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न अटींचा. एखादी कंपनी किंवा स्टुडिओवाला काही हजार रुपये पुढे करतो आणि कागदावर सही मागतो. ऊसतोड्याला हा व्यवहार नवा नाही. मुकादमाची उचल म्हणतात ती हीच! आधी रक्कम हातात, मग सगळा हंगाम दुसऱ्याचा. फरक एवढाच की, उसाचा हंगाम काही महिन्यांत संपतो. गाण्याचा हक्क मात्र एका सहीने आयुष्यभरासाठी जाऊ शकतो. मग आपलेच गाणे आपल्याच जत्रेत वाजवून त्याचे चित्रीकरण टाकले, तरी त्यावर कंपनीचा दावा लागतो.

कायदा याबाबतीत वाटतो तितका दुबळा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. १९९४च्या दुरुस्तीने वादक-गायकांना स्वतंत्र हक्क दिला. आज तो ५० वर्षांचा आहे. २०१२च्या दुरुस्तीने कवी व संगीतकाराच्या मानधनातील समान वाट्याला संरक्षण दिले. मात्र कायदा दोन्ही बाजूंनी लागतो. वरातीत चित्रपटातील चाल वाजविण्यास मुभा आहे. तीच चाल ध्वनिमुद्रित करून प्रसृत करण्यास परवानगी लागते. अण्णाभाऊंचे निधन १९६९चे. त्यांच्या रचनांवरील हक्क सामान्य नियमाने २०२९ अखेरपर्यंत राहतो. त्यांचे नाव घेणाऱ्या पथकाने त्यांच्या वारसांचा हक्कही मानला पाहिजे.

कोणी म्हणेल, गरीब पथकाला रोख पैसा हवा असतो, तत्त्वज्ञान नव्हे. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. जाहिरातीतील वाटा द्यायला यूट्यूब किमान एक हजार वर्गणीदार मागते. त्याखेरीज वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे किंवा लघुचित्रफितींचा त्याहून मोठा आकडा. स्पॉटिफायवर २०२४पासून वर्षाला एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. म्हणजे पथकाची भाकरी पुढेही सुपारीवरच चालायची. गाणे हे त्या सुपारीचे बियाणे आहे, आणि बियाणे विकून पोट भरणारा शेतकरी पुढच्या पेरणीला काय करतो, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही.

पण कंपनीकडून हक्क मागणाऱ्या पथकाने आपल्या घरातही न्याय केला पाहिजे. बॅनरवर मालकाचे नाव आणि हलगीवाला निनावी, ही रीत मुकादमीचीच आहे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोण काय वाजविले आणि कोणाचा वाटा किती, हे ध्वनिमुद्रणापूर्वी एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मागे कोरस धरणाऱ्या बहिणींची नावेही त्यात असावीत.

कामगार संघटनांनी आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींनीही आपली जबाबदारी ओळखावी. सभेपूर्वी गर्दी जमविण्यासाठी पथकाला फुकट वाजवायला लावायचे आणि नंतर व्यासपीठावरून शोषणावर बोलायचे, हे थांबले पाहिजे. ठरलेली बिदागी द्यावी, आणि करार वाचून देणारा एखादा वकील केज-अंबाजोगाईत महिन्यातून एक दिवस बसवावा. एवढे झाले तरी एखाद्या हलगीवाल्याची सही त्याला समजलेल्या कागदावर होईल.