मांगरातील विद्या आणि मापवही



महसूल खात्यातील कारकुनी संपवून मी नुकताच निवृत्त झालो. मराठी शाळेत सातव्या यत्तेपर्यंत शिकलेला मी मनुष्य. यंत्रशास्त्राचा अधिकारी म्हणवून घेण्याची माझी योग्यता नाही. तथापि सारे आयुष्य नोंदवह्यांत गेल्यामुळे एक गोष्ट मनावर पक्की बिंबली आहे. जे कागदावर उतरले नाही ते पुढल्या पिढीच्या हाती लागत नाही. जमिनीच्या बाबतीत हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. सातबाऱ्यावरील एका चुकीच्या आकड्यापायी सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजविताना मी पाहिले आहेत. परंतु हाच न्याय आपल्या हातांतील विद्येसही लागू आहे, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. त्यासंबंधी चार शब्द लिहितो.

आमच्या इन्सुलीत आणि बांदा-सावंतवाडीच्या टापूत घरामागील मांगरात किंवा पडवीच्या टोकाशी स्वतःचे लहानसे कारखाने थाटलेले लोक आढळतात. कोणाजवळ जुना हातभर लेथ, कोणाजवळ ड्रिल व वेल्डिंगचे यंत्र, तर कोणाजवळ नुसता व्हाइस, कानशी व हातोडी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचे दिवस पूर्वीसारखे आलेच नाहीत. त्या काळी गावी परतलेल्यांत फिटर व टर्नरही होते. कोणी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला, कोणी शाळामास्तर. ही मंडळी पोटासाठी यंत्रे करीत नाहीत. माडावर चढण्याची सोय, सुपारी सोलण्याचे पाते, रातांबे फोडण्याची युक्ती, पंपाचा झिजलेला दांडा, असे जे काम समोर येईल ते हौसेने करावयाचे, शेजाऱ्यास द्यावयाचे आणि पुढल्या कामास लागावयाचे, असा त्यांचा क्रम.

आमच्या वाडीत असेच एक गृहस्थ होते. गिरणीतील टर्नर. त्यांनी काजूबी फोडण्याचे पायाने चालणारे यंत्र स्वतः घडविले होते. अशा यंत्राची रीत पुष्कळांस ठाऊक आहे. वाफवून निववलेली बी दोन वक्र पात्यांमध्ये धरतात. पायाने दाब देताच पाती टरफलात शिरतात. मग हातातील दांडा पिळला म्हणजे टरफलाचे दोन फाके होऊन गर मोकळा होतो. यातले सारे मर्म पाती किती आत शिरतात यात आहे. काजूचे टरफल सुमारे एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरांच्या आसपास जाड असते. पाते तेथेच थांबले तर गर अख्खा. त्यापुढे गेले तर तुकडा. अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यांतील अंतर काजूवाल्यांस सांगावयास नको. शिवाय गर चिरडताना टरफलाचे तेल त्यास लागले तर तो खाण्याच्या कामाचा राहत नाही, आणि ते तेल हातास लागले तर कातडी भाजते.

त्या गृहस्थांच्या यंत्रातून अख्खे गर निघत. अंतर किती ठेविले, असे कोणी विचारले तर ते अंगठा पात्यावरून फिरवीत आणि हसून म्हणत, "हाताक कळता." काही वर्षांपूर्वी ते वारले. पुढे पाते झिजले. त्यांच्या मुलाने झिजलेलेच पाते नमुना म्हणून नेऊन दुसरीकडून नवे करून आणले. झिजलेल्या पात्यावरून घेतलेले माप ते. बरोबर यावे कसे? गराचे तुकडे पडू लागले. शेवटी यंत्र मांगराच्या कोपऱ्यात गेले व बी पूर्वीप्रमाणे कच्ची विकली जाऊ लागली. मी त्यांचा शेजारी. नोंदी करणे हा माझा जन्माचा धंदा. कित्येक संध्याकाळी त्या मांगरात बसून मी चहा प्यालो, परंतु वही काढून चार मापे उतरून घ्यावी, हे मला एकदाही सुचले नाही. हा लेख लिहिण्यास ती टोचणी कारण झाली आहे.

येथे कोणी म्हणेल की, बाजारात तयार यंत्रे मिळतात, मग हा खटाटोप कशाला? उत्तर असे की, बाजारातील यंत्र सर्वांसाठी केलेले असते आणि आपली बी आपल्या बागेतील असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींचेच पाहा. वेंगुर्ला-१ ची बी सुमारे ६ ग्रॅम वजनाची, तर वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅमची. दोहोंस एकच अंतर कसे चालेल? ज्याच्या बागेत जशी बी, तसे त्याचे पाते बसविणारा मनुष्य गावातच हवा, आणि तो गेल्यावर त्याचे माप गावात राहावयास हवे.

विद्या हातातच ठेविल्याने काय होते, हे पाहण्यास दूर जावयास नको. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची गंजिफाची कला एके काळी इतकी मावळली होती की ती जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. राजेसाहेब शिवरामराजे व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली व तरुणांस शिकविली, म्हणून ती वाचली. परंतु प्रत्येक मांगरातील विद्येस राजाश्रय कोठून मिळणार? तिला आपल्यासारख्यांच्या वहीचाच आश्रय हवा.

उलट, विद्या वाटल्याने ती किती वाढते याचेही दाखले आहेत. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली 'मॉडेल इंजिनीअर' नावाचे नियतकालिक काढले. घरच्या लहान लेथवर हौसेने वाफेची इंजिने व हत्यारे करणाऱ्या सामान्य माणसांसाठी ते होते. त्यात कामाचे वर्णन येई, आणि त्याबरोबर मापांसह आराखडाही छापला जाई. एकाने केलेले दुसऱ्याने करून पाहावे, चुकले तेथे पत्र लिहून कळवावे, पुढच्या अंकात दुरुस्ती यावी, अशा रीतीने ती हौस पिढ्यान् पिढ्या चालली.

आपल्याकडील लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान घातले. तेथूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला. परदेशी यांत्रिक मासिके वाचून त्यांनी पुष्कळसे ज्ञान मिळविले होते. म्हणजे दूरदेशीच्या कोणी आपली विद्या छापली, तिचा लाभ आपल्या नांगरास झाला. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असा त्या वेळी लोकांचा समज होता. तो हळूहळू मावळला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. यंत्राबरोबर छापील शब्दही शेतकऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आता काही तरुण म्हणतील, "काका, हल्ली सारे मोबाईलवर दिसते." दिसते खरे. यंत्र फिरताना दिसते, नारळ सोलून बाहेर पडताना दिसतो, करणाऱ्याचा हसरा चेहरा दिसतो. परंतु दांड्याची जाडी दिसत नाही, पोलाद कोणते ते कळत नाही, आणि पहिली तीन यंत्रे का मोडली हे तर कोणीच सांगत नाही. ज्यास ते करून पाहावयाचे आहे त्यास यशापेक्षा अपयशाची हकीगत अधिक उपयोगी पडते. मापाविना चित्र म्हणजे मोजणीविना नकाशा. त्यावरून हद्द कायम होत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. आपली युक्ती उघड केली तर दुसरा ती उचलील, आणि ज्याचे त्यावर थोडेबहुत पोट आहे त्या लोहाराचे किंवा कारागिराचे नुकसान होईल. ही भीती खोटी नाही. ज्यास आपल्या युक्तीवर हक्क राखावयाचा असेल त्याने ती जाहीर करण्यापूर्वीच पेटंटसाठी अर्ज करावा. १९७० च्या कायद्याप्रमाणे नावीन्य ही मुख्य अट आहे, आणि आधीच जाहीर झालेली गोष्ट सामान्यतः नवी ठरत नाही. पेटंट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे हक्क राहतो. अशा मनुष्यावर कोणी जबरदस्ती करू नये. परंतु बहुतेकांस असा हक्क नकोच असतो; त्यांस हवे असते ते नाव. अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' चळवळीने हाच दंडक घातला आहे की, ज्याची युक्ती त्याचे नाव तिच्याबरोबर राहिले पाहिजे आणि ती त्यास समजेल अशा भाषेत त्याच्याकडे परत गेली पाहिजे. शिवाय आराखडा वाचणाऱ्या दहांपैकी स्वतः लेथवर उभे राहणारे किती? बाकीचे आराखडा घेऊन गावच्या लोहाराकडेच जातील. त्याचे काम यात वाढण्याचाच संभव अधिक, असे मला वाटते.

तेव्हा आपल्या संघास माझी नम्र सूचना आहे. संघाने एक मापवही ठेवावी. प्रत्येक यंत्रास किंवा हत्यारास दोन पाने द्यावी, आणि त्यांत पुढील सहा बाबी असाव्या: करणाऱ्याचे नाव व गाव, कोणत्या कामासाठी केले, धातू किंवा लाकूड कोणते वापरले, सर्व मापे, प्रथम काय मोडले व ते कसे सुधारले, आणि हात-बोट वाचविण्याची कोणती तजवीज केली. मापे मिलिमीटरमध्येच लिहावी. एकाने सुतात सांगावे, दुसऱ्याने इंचात ऐकावे आणि तिसऱ्याने मिलिमीटरमध्ये कापावे, यात पुष्कळ लोखंड फुकट जाते.

शेवटची बाब कोणी क्षुल्लक मानू नये. फिरत्या चकाजवळ सैल बाही, खांद्यावरील पंचा किंवा हातमोजे असू नयेत. चकाची किल्ली चकातच विसरू नये. ज्या यंत्राच्या पट्ट्यावर झाकण नाही त्याचा आराखडा अपुरा समजून परत करावा. हौसेचे काम मनुष्य एकटाच करतो. अपघात झाला तर हाक ऐकणारे जवळ कोणी नसते.

वहीतील एक यंत्र दरमहा या मासिकात छापावे. तसेच भाताची कापणी आटोपून जत्रांचे दिवस सुरू झाले म्हणजे एक दिवस ठरवून या हौशी मंडळींस आपापली यंत्रे घेऊन एकत्र बोलवावे. बक्षिसे नसली तरी चालतील. एकाने दुसऱ्याचे यंत्र उघडून पाहावे, चुका दाखवाव्या, व्हर्नियर घेऊन मापे घ्यावी. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हातांनी काम करीत शिकावे याच तत्त्वावर. शाळेतील मुलांस त्या दिवशी अवश्य आणावे. मापे उतरून घेण्याचे काम त्यांसच द्यावे.

या कामी लेखनिक लागेल. अक्षर माझे अद्याप वाचण्यासारखे आहे व वेळही आहे. ज्यांच्या मांगरात असे काही यंत्र असेल त्यांनी संघाकडे कळवावे; वही व फूटपट्टी घेऊन मी येईन. आमच्या शेजाऱ्यांचे ते यंत्र अजून कोपऱ्यात उभे आहे. पात्याचे मूळ अंतर आता त्यांना विचारता येत नाही. परंतु त्यांच्या मुलाने व मी मिळून, एक एक बी फोडून पाहत, ते पुन्हा शोधावयाचे असे ठरविले आहे. सापडले तर मापवहीचे पहिले पान त्यांच्या नावाचे असेल.

— एक निवृत्त महसूल कारकून, इन्सुली