दोन वह्यांचा हिशेब

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात गेल्या काही वर्षांत खेळाला चांगले दिवस आले आहेत. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा या भागाचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात देशभरातील शालेय खेळाडू मैदानी स्पर्धांसाठी उतरले. २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात आणि त्याच्या संघांतून आता मुलीही घर सोडून लांबच्या स्पर्धांना जातात. व्यापारी कुटुंबांचा या साऱ्याशी संबंध दुहेरी आहे. त्यांच्या लेकी-सुना या संस्थांत शिकतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी कोठे संस्थेच्या कार्यकारिणीवर असतात, कोठे स्पर्धेचा चषक आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ देतात.

खेळाचे शिक्षण इतर शिक्षणाहून वेगळे असते. गणिताचा शिक्षक विद्यार्थिनीच्या वहीपुरता तिच्या जवळ येतो. प्रशिक्षक तिच्या शरीराजवळ येतो. तिचा आहार, तिची झोप, तिची दुखापत, तिचा प्रवास सारे त्याच्या हाती असते. संघात नाव घालायचे की गाळायचे हेही तोच ठरवतो. गरीब घरातील मुलीला तर खेळाच्या कोट्यातील नोकरी हीच घराच्या उत्कर्षाची एकमेव वाट वाटते, आणि त्या वाटेच्या तोंडाशी एकच माणूस उभा असतो. त्या माणसाने विश्वासघात केला तर मुलगी बोलणार कोणाशी, आणि ती बोललीच तर संस्था काय करणार, हा प्रश्न विश्वस्तांनी प्रसंग येण्यापूर्वीच स्वतःला विचारावयास हवा.

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर किती महाग पडते, याचा सर्वांत तपशीलवार हिशेब अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या दप्तरात आहे. लॅरी नासर हा तेथील क्रीडावैद्यक विभागातील डॉक्टर. अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक संघाचाही तोच डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली तो मुलींवर अत्याचार करीत असे. सोळा वर्षांच्या एका खेळाडूच्या सांगण्यानुसार, तिने १९९७ मध्येच विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक प्रशिक्षिकेच्या कानावर ही गोष्ट घातली होती. काहीही झाले नाही. पुढे सतरा वर्षांनी, २०१४ मध्ये, विद्यापीठातूनच पदवी घेतलेल्या एका तरुणीने रीतसर तक्रार केली. चौकशी झाली. ज्या चार वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेतले गेले, ते चौघेही विद्यापीठाशी संबंधित होते. हा उपचारच होता, तक्रारदार तरुणीला त्यातील बारकावा कळला नसावा, असे अनुमान निघाले.

यापुढचा तपशील व्यापाऱ्यांच्या घरात नीट वाचला जावा असा आहे. त्या चौकशीचे अहवाल दोन तयार झाले. तक्रारदार तरुणीला मिळालेल्या अहवालात डॉक्टर निर्दोष होता. विद्यापीठाने स्वतःजवळ ठेवलेल्या अहवालात मात्र आणखी काही परिच्छेद होते. या डॉक्टरच्या पद्धतीमुळे रुग्णांना विनाकारण मानसिक आघात पोहोचू शकतो आणि संस्थेवर कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, असे त्यांत म्हटले होते. एक वही दाखवायची आणि एक वही ठेवायची, या प्रकाराला पेढीवर काय म्हणतात ते सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या वहीत लिहिणाऱ्याला धोका कळला होता, हेच त्या वहीवरून सिद्ध झाले.

नासर पुन्हा कामावर आला. नाजूक तपासणीच्या वेळी तिसरी व्यक्ती हजर असावी, हातमोजे घालावेत, अशा अटी त्याला घालण्यात आल्या; त्या पाळल्या जातात की नाही हे कोणी पाहिले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर या माजी खेळाडूने एका वृत्तपत्राकडे आपली हकीकत नाव उघड करून सांगितली, तेव्हा कोठे विद्यापीठाने त्याला काढले. पहिल्यांदा बोललेल्या मुलीपासून मोजले तर तोवर एकोणीस वर्षे लोटली होती. जानेवारी २०१८ मध्ये लॅन्सिंगच्या न्यायालयात सात दिवस दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया एकामागून एक उभ्या राहिल्या व बोलल्या. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षा लू ॲना सायमन यांनी राजीनामा दिला. मे २०१८ मध्ये विद्यापीठाने ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम तीन हजार कोटी रुपयांहून अधिक होते. पुढच्या वर्षी शासनाने आणखी ४५ लाख डॉलर दंड ठोठावला. ज्या अधिष्ठात्याने त्या अटींकडे पाहिले नाही, त्याला कर्तव्यात कसूर केल्याबद्दल २०१९ मध्ये दोषी ठरवण्यात आले. तक्रार दडपल्याने जी पत राखली जाईल असे वाटले होते, तिचे काय झाले हे या आकड्यांतच दिसते.

सायमन यांच्या जागी हंगामी अध्यक्ष म्हणून आलेले जॉन एंग्लर हे मिशिगन राज्याचे माजी गव्हर्नर. मोडलेला विश्वास सांधण्यासाठी त्यांना आणले गेले होते. डेनहॉलंडर यांना त्यांच्या वकिलाकडून दलाली मिळत असावी, असा संशय त्यांनी आपल्या पत्रव्यवहारात व्यक्त केल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पुढे गेले. या पीडितांपैकी काही जणी प्रसिद्धीचा आनंद घेत आहेत, असे ते बोलून बसले. आठवडाभरात त्यांनाही जावे लागले.

हे वाचताना विदर्भातील वाचकाला राजुरा आठवल्याशिवाय राहणार नाही. एंग्लर गेल्याला तीन महिने झाले असतील नसतील, एप्रिल २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले. मुलींना आजारी म्हणून रुग्णालयात नेले, आणि तेथे डॉक्टरांना संशय आला. वसतिगृहाच्या अधीक्षक व उपअधीक्षकांना अटक झाली. (बालकाची ओळख उघड होऊ नये म्हणून शाळेचे नावही छापू नये, असे कायदा सांगतो, म्हणून ते येथे घेतलेले नाही.) खेळाचे मैदान येथे नव्हते, विद्यापीठही नव्हते. पण संस्थेशी संबंधित असलेल्या राजकीय पुढाऱ्याने पत्रकारांसमोर काढलेले उद्गार एंग्लर यांच्या उद्गारांचे सख्खे भावंड होते. शासनाकडून पीडितांना काही लाखांचे साहाय्य मिळते, म्हणून पालक तक्रारीसाठी पुढे येत आहेत, असा त्यांचा आशय होता. संतापाची लाट उसळल्यावर दिलगिरी व्यक्त झाली.

एक माणूस मिशिगनचा, दुसरा चंद्रपूरचा. एकमेकांना ओळखण्याचे काही कारण नाही. तरी दोघांच्याही मनात पहिला विचार पैशाचा आला. हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. संस्थेच्या उच्चासनावर बसलेल्या माणसाला आपल्या घरात काही वाईट घडले हे मानणे जड जाते. तक्रार करणाऱ्याचा काही स्वार्थ असावा, हे मानणे सोपे जाते. व्यापारी घरांत हा संशय आणखी लवकर जागा होतो, कारण मागणी आली की मागणाऱ्याचा हेतू तपासण्याची सवय तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची असते. दुकानात ती सवय गुणाची ठरते. वसतिगृहातून घरी आलेली आठ-दहा वर्षांची मुलगी काही सांगू लागते, तेव्हा तीच सवय क्रूर ठरते. शासनाची मदत नुकसानीनंतर मिळते, आणि कोणताही बाप आपल्या मुलीचे नुकसान त्या मदतीसाठी मागून घेत नाही.

याउलट, डाग लवकर पुसला जावा म्हणून केलेली घाईही संस्थेला तारत नाही. गोवा विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील एका विभागप्रमुख प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीने बैठका घेतल्या, अखेरच्या टप्प्यात तर एकामागून एक उरकल्या, आणि प्राध्यापकाला सेवेतून काढून टाकण्यात आले. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला. समितीने इतकी घाई केली की आरोपीला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून चौकशी पुन्हा व्हावी, असा आदेश झाला. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीच्या दारात आले. एव्हाना त्या विद्यार्थिनी विद्यापीठ सोडून कोठल्या कोठे गेल्या असतील. नियम पाळणे हे आरोपीवर केलेले उपकार आहेत असे पुष्कळांना वाटते. गोव्याच्या प्रकरणात नियम मोडल्याची किंमत तक्रारदार मुलींनाच मोजावी लागली.

त्याच निकालपत्रात न्यायालयाने खेळाचाही उल्लेख केला आहे. दिल्लीत महिला कुस्तीपटूंचे आंदोलन तेव्हा ऐन भरात होते. देशातील ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत तक्रार समितीच नसल्याचे वृत्त न्यायालयाने विचारात घेतले आणि सर्व ठिकाणी अशा समित्या आहेत की नाहीत याची पडताळणी करण्याचे निर्देश दिले. २०१३ च्या कायद्याने क्रीडा संस्था, मैदान आणि क्रीडा संकुल यांना कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घेऊन दहा वर्षे झाली होती.

महाविद्यालयांपुरते बोलायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, एक सदस्य बाहेरचा असावा, विद्यार्थिनीचे प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी असावेत, चौकशी नव्वद दिवसांत संपावी. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरील व्यक्तींना समितीत स्थान नाही. मिशिगनला जे चार तज्ज्ञ बोलावले गेले, त्यांची आठवण ठेवली तर ही शेवटची तरतूद आणि बाहेरच्या सदस्याची तरतूद का केली आहे ते समजते. पुष्कळ ठिकाणी हा बाहेरचा सदस्य म्हणून संस्थाचालकांच्याच ओळखीतील कोणी घेतला जातो. तसे झाले की तो बाहेरचा राहत नाही.

मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर मात्र समितीचा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवले पाहिजे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००१ मध्ये एका साहाय्यक प्रशिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले वरिष्ठांना सांगितले, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना सांगितले, आणि दहा वर्षे पोलिसांना कोणी सांगितले नाही. आपल्याकडील कायद्यात तसे करणे हा गुन्हा आहे. कार्यकारिणीवर सन्मानाने नाव देणाऱ्या गृहस्थांपैकी किती जणांना हे कलम ठाऊक असते, असा प्रश्न पडतो.

गडचिरोलीत आणखी एक अडचण आहे, ती मिशिगनला नाही आणि गोव्यालाही नाही. भामरागड, एटापल्लीकडून येणाऱ्या अनेक मुलींची घरची भाषा माडिया किंवा गोंडी असते. मराठी त्यांना येते, पण ती शाळेची, परीक्षेची मराठी. स्वतःच्या देहावर झालेल्या अन्यायाविषयी त्या मराठीतून बोलतील, आणि तेही लेखी अर्ज करून, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. कायद्याने याचा विचार केलेला आहे. तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहिण्यास समितीने साहाय्य करावे, असे २०१३ चा कायदा सांगतो. बालकाला नोंदीची भाषा कळत नसेल तर दुभाषा दिला पाहिजे, असे २०१२ चा कायदा सांगतो. अहेरी-आलापल्लीच्या बाजारपेठेतील जुन्या दुकानदारांना ही भाषा गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अवगत झालेली असते. वसतिगृहांच्या आणि महाविद्यालयांच्या समित्यांवर ती जाणणारी एक तरी स्त्री आहे काय, हे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यास खर्च येत नाही.