पाहुणे नव्हे, शेजारी

वसतिगृहात असताना आम्ही परदेशी स्वयंसेवक पुष्कळ पाहिले. पंधरा दिवस इंग्रजी शिकवून ते परतत. जीव लावलेली लहान मुले मात्र कित्येक दिवस फाटकाकडे पाहत बसत. आज आपलेच माजी विद्यार्थी शिक्षक म्हणून परदेशी सेवेस जाऊ इच्छितात, तेव्हा ती मुले आम्हांस आठवतात.

हंगेरीचे उदाहरण घ्यावे. तेथे रोमा मुलांना वेगळ्या वर्गांत बसविले गेले. आपल्या आजोबांना हे दुःख परके नाही. शायोकाझा गावी २००७ साली या मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. तेथला ‘जय भीम’ ऐकून ऊर भरून येईल. परंतु तेवढ्याने आपण तेथले होत नाही. त्या मुलांची शाळेतील भाषा हंगेरियन आहे. ती न शिकणारा शिक्षक कौतुकाचा पाहुणाच राहील.

धम्मातील चार संग्रहवस्तूंत दान पहिले, तर समानत्तता, म्हणजे इतरांच्या सुखदुःखात समभागी होणे, शेवटची. आमच्या मते खरी कसोटी या शेवटच्या पायरीवर आहे. जाणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावे, शेजाऱ्याच्या ताटातले आनंदाने खावे, निदान एक शैक्षणिक वर्ष राहावे आणि निघण्यापूर्वी आपले काम गावातल्याच कुणाच्या हाती सोपवावे.

एवढी तयारी असेल त्यांनी जरूर जावे. त्यांना आमच्या मंगल कामना.