हसू ज्याचं, हक्क त्याचा

ग्रुप फोटोत एखाद्याच्या चेहऱ्यावर एआयने हसू बसवणं म्हणजे त्या माणसाच्या नावाने खोटी साक्ष देणं आहे. मी असं म्हणालो की स्टाफरूममध्ये उत्तर ठरलेलं असतं, "सर, एका पोराचे डोळे मिटले होते, ते उघडले. एवढं काय त्यात?"

काय त्यात, तेच सांगतो.

गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनसोबत 'बेस्ट टेक' नावाची सोय आणली. एकामागोमाग काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा बरा चेहरा निवडायचा आणि सगळे एकाच फोटोत बसवायचे. यात निदान चेहरे त्या माणसांचेच असतात. पण थोरली हसली तेव्हा धाकटा रडत होता. दोघं एकदम हसले असा क्षण घरात आलाच नव्हता, तो फोनने तयार केला. आता तर गाडी त्याच्याही पुढे गेली आहे. एआयला नुसतं लिहायचं, 'हिला हसव', की हसू तयार. हे हसू कुठल्याच क्षणातलं नसतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांकडे आधी लक्ष जातं. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात, आणि अक्स म्हणजे प्रतिबिंब. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. एका भाषेने प्रतिबिंब म्हटलं, दुसरीने छाया. समोर जे आहे तेच उमटणार, असं दोन्ही गृहीत धरतात.

फोटो जायज की नाजायज, हा आपल्याकडचा जुना वाद वाचकांना माहीत आहे. इजिप्तचे मुफ्ती राहिलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोच्या बाजूने जी मांडणी केली तिचा गाभा असा होता की, इथे माणूस नवीन काही घडवत नाही, असलेली सावली फक्त धरून ठेवतो. सगळ्यांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. मी फतवा द्यायला बसलेलो नाही. पण ज्यांनी या युक्तिवादावर फोटो स्वीकारला, त्यांनी तरी विचारायला हवं की, सावलीच बनावट असेल तर आपण धरून काय ठेवलं?

ज्यांना हे शब्दांचे खेळ वाटतात त्यांनी २८ मे २०२३ आठवावा. दिल्लीत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या महिला कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. बसमधला एक सेल्फी बाहेर आला. त्यात विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर होते. काही तासांत तोच सेल्फी दुसऱ्या रूपात फिरू लागला, त्यात त्या हसत होत्या. बघा, हे आंदोलन म्हणजे नाटक! मूळ फोटो पुढे आला, लबाडी उघडी पडली. पण तोवर लैंगिक छळाची तक्रार घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुलींवर लोक हसून झाले होते. या लबाडीत कुणाचं शरीर बदललं नव्हतं, पार्श्वभूमी बदलली नव्हती. फक्त ओठ बदलले होते.

आता शाळेकडे या. दहावीच्या निरोपाचा फोटो काढला गेला. एका मुलीचे वडील काही आठवड्यांपूर्वीच वारले होते. ती आली, रांगेत उभी राहिली, हसली नाही. फोटोग्राफरने पाठवलेल्या फोटोत मात्र ती दात दाखवून हसत होती. तिची अम्मी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ही त्या दिवशी खरंच एवढी खूश होती का?" मुलीला कुणी विचारलं नव्हतं. फोटो 'चांगला' यावा म्हणून तिचं दुःख पुसून टाकलं होतं.

कुणी म्हणेल, स्टुडिओवाले पूर्वीपासून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतच होते. खरं आहे. दहा फोटोंतला एक आपणही निवडतोच. पण मुरुमाचा डाग माणसाच्या मनातलं काही सांगत नसतो, चेहऱ्यावरचा भाव सांगतो. आणि दहांतला एक निवडला तरी तो घडलेलाच क्षण असतो. डाग काढणं आणि माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं, यात फरक आहे. हसणं हेही बोलणंच आहे.

शिवाय 'बरा चेहरा' कोणता, हे ठरवलं कुणी? आपल्या आजी-आजोबांच्या फोटोंत सहसा कुणी हसत नाही. त्यांना काही कमी होतं असं आपल्याला वाटत नाही. रुखसतीच्या वेळी रडून सुजलेले नवरीचे डोळे हा बिघाड नाही, तीच त्या दिवसाची आठवण आहे. ते दुरुस्त करून आपण नातवंडांना काय दाखवणार?

माझं मागणं मोठं नाही. शाळेच्या फोटोत कुणाचाही चेहरा बदलू नये, हे फोटोग्राफरला आधीच बजावावं. घरच्या फोटोत बदल करायचाच असेल तर ज्याचा चेहरा आहे त्याला विचारावं, मूल असेल तरी विचारावं. मूळ फोटो पुसू नये. आणि बदललेला फोटो पुढे पाठवताना तो बदललेला आहे, असं खाली एका ओळीत लिहावं.

ही एक ओळ लिहायला ज्याला जड जातं, त्याने चेहऱ्याला हात लावू नये.