रानाला लागून घर

सिडनीच्या मध्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं हॉर्न्सबी. रेल्वेने शहरात कामाला जायचं आणि संध्याकाळी निलगिरीच्या रानाशेजारी परतायचं, हे आपल्यापैकी अनेकांना हवंसं वाटतं. पहाटे कुकाबुराचं हसणं ऐकू येतं. ब्रश टर्की परसातला मेथीचा वाफा उकरून टाकतो, तरी त्याचं कौतुकच! पण १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा इथला वणव्याचा हंगाम. छपराच्या पन्हळीत साचलेला पाचोळा उडत आलेल्या एका ठिणगीनेही पेटतो. म्हणूनच या अंकात निसर्गवर्णनापेक्षा पन्हळींची सफाई, झाडं तोडण्याचे नियम आणि शेजाऱ्यांशी आधीच ठरवायच्या गोष्टींना आम्ही जास्त जागा दिली आहे. तुमच्या घरी वणव्याच्या वेळची योजना ठरली आहे का? आम्हाला जरूर कळवा.