मिडल ग्रोव्हची न भांडलेली मुले

१/ 'माणसांचे दोन गट समोरासमोर आले की वैर ठरलेलेच. तो मनुष्यस्वभावच आहे', असे विधान इतिहासाच्या चर्चेत वारंवार केले जाते. पुष्ट्यर्थ अमेरिकेतील 'रॉबर्स केव्ह' प्रयोगाचा दाखला येतो. दाखला खरा आहे, पण अर्धा. आणि वगळलेला अर्धा भाग या विधानाच्याच मुळावर येतो.

२/ प्रथम प्रसिद्ध भाग. १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी सुमारे अकरा वर्षांची २२ मुले शिबिरास नेली. सारी गोरी, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय. दोन गट वेगवेगळ्या बसगाड्यांनी आले. सुरुवातीचे काही दिवस एकाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता.

३/ मग सामने लावले गेले. विजेत्यांना पदके आणि चाकू, पराभूतांना काहीच नाही. शिवीगाळ झाली, झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या निवासांवर छापे पडले. पुढे पाणीपुरवठा बंद पडण्यासारखी, दोघांनी मिळूनच निस्तरायची संकटे योजण्यात आली आणि वैर ओसरले.

४/ आता वगळलेला भाग. त्याआधीच्याच वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील मिडल ग्रोव्ह येथे शेरीफ यांनी असेच शिबिर भरवले होते. फरक एक: तेथे मुलांना आधी एकत्र राहू दिले, आणि मैत्री जुळल्यावर त्यांचे दोन गट पाडले.

५/ वैर काही पेटेना. तेव्हा संशोधकच कामाला लागले. मुलांचे कपडे पळवले, एका गटाच्या झेंड्याची दोरी कापली, तंबू पाडला, एका मुलाचे वाद्य मोडले. आळ दुसऱ्या गटावर जावा, हा हेतू.

६/ मुलांनी आळ घेतला नाही. उलट संशय मोठ्या माणसांकडेच वळू लागला. अखेर प्रयोग गुंडाळावा लागला. शेरीफ यांच्या लेखनात त्याला ओझरत्या उल्लेखापलीकडे जागा मिळाली नाही. २०१८ मध्ये जीना पेरी यांच्या पुस्तकाने त्याची हकिगत तपशिलाने उजेडात आणली.

७/ आक्षेप रास्त आहे: आपपरभाव तर सहज उपजतो ना? होय. हेन्री ताजफेल यांच्या ब्रिस्टलमधील प्रयोगांत क्षुल्लक निकषावर विभागलेली शाळकरी मुलेही बक्षिसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप देत. परंतु झुकते माप देणे वेगळे आणि दुसऱ्याचा झेंडा जाळणे वेगळे. या दोहोंमधले अंतर आपोआप कापले जात नाही.

८/ खुद्द शेरीफ यांनीही वैर उपजत मानले नव्हते. त्यांचा जन्म १९०६ चा, इझमीरजवळच्या ओदेमिशचा. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरले तेव्हाच्या कत्तलीत ते कोवळ्या वयात मरता मरता वाचले. वैराचे मूळ त्यांनी रक्तात नव्हे, परिस्थितीत शोधले. ज्याने हे सांगितले, त्याच्याच नावाने आज उलटा सिद्धान्त खपवला जातो.

९/ दोष शेरीफ यांच्याकडेही जातो. त्यांनी परिस्थिती दाखवली. ती रचणारा हात मात्र पडद्याआड ठेवला. बसगाड्या वेगळ्या कोणी ठेवल्या? एकालाच मिळेल असे बक्षीस कोणी मांडले? दोरी कोणी कापली?

१०/ 'दोन समाज भिडले' हे वाक्य इतिहासाच्या पानावर दिसले की हेच तीन प्रश्न विचारावेत. वैराला 'स्वभाव' म्हणणे म्हणजे दोरी कापणाऱ्यास निर्दोष सोडणे आणि शिक्षा मात्र मुलांना देणे. मिडल ग्रोव्हच्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांना जे उमगले, ते इतिहासाच्या जाणत्या वाचकाला उमगू नये?