कोजागिरी, लोणार आणि एक अर्ज

बाबांची पंच्याहत्तरी कोजागिरीच्या रात्री लोणारला करायची ठरली होती, ती का केली नाही, असं बऱ्याच नातेवाइकांनी विचारलं. फोनवर प्रत्येकाला थोडं थोडं सांगून दमलो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कल्पना माझीच. मेहकरहून लोणार वीस-पंचवीस किलोमीटर. बाबा तरुणपणी मित्रांबरोबर सायकलवर जायचे. म्हटलं, तळ्याच्या काठी सतरंज्या टाकू, साठ-सत्तर माणसं, चुलीवर आटवलेलं दूध, दादाची पेटी आणि छोटासा स्पीकर. परवानगी लागेल हे माहीत होतं, पण एक अर्ज दिला की झालं, असा माझा समज!

तो अर्ज घेऊन मी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो. शेवटी एका वयस्कर बाबूंनी तो नीट वाचला आणि विचारलं, "हे सगळं लोणारलाच कशाला?"

मला राग आला. आमचं लोणार, आमचे बाबा, हे कोण विचारणार? घरी आलो तर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, काहून डोकं लावता? ओळख आहे आपली, एक फोन करतो." खरं सांगतो, मोह झाला.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. रात्री वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वाचायला घेतला. लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे. अभयारण्यात जायची परवानगी कशासाठी मिळते, हे कलम २८ मध्ये लिहिलंय. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या कुणाशी कायदेशीर व्यवहार. बस्स. वाढदिवस त्यात कुठेच नाही. कलम २७ सांगतं की प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही. कलम ३० सांगतं की अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायचा नाही. आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी एरवीही बंदीच आहे. म्हणजे माझी चूल, स्पीकर आणि द्रोण-पत्रावळ्या, सगळंच बसलं की यात!

यादी पुन्हा वाचली तेव्हा बाबूंचा प्रश्न कळला. अभ्यास, फोटो, संशोधन, पर्यटन, या सगळ्यांना ती जागाच हवी असते. मला मात्र लोणार मागे पडद्यासारखं हवं होतं. दूध, गाणी, गप्पा आमच्या गच्चीवरही झाल्या असत्या.

आणि ही जागा काही साधी नाही. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं विवर. आत खारं तळं, आणि त्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. आपण जे आत टाकू ते आतच राहणार. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की हे मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तळं रामसर यादीत गेलं. अशा ठिकाणी मी पेटी वाजवून मोर उठवणार होतो!

आत्या म्हणाली, "मग नवरात्रात कमळजादेवीची यात्रा कशी चालते रे?" प्रश्न रास्त आहे. पण देवी तिथेच आहे, तिला भेटायला तिथेच जावं लागतं, आणि ही श्रद्धा कायद्याहून जुनी आहे. यात्रेलाही शिस्त हवीच. पण तिचा दाखला देऊन माझा कार्यक्रम खपवणं मला पटत नाही.

तक्रार माझीही आहे. काय चालतं, काय चालत नाही, परवानगी कोण देतं, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून प्रवेशद्वाराशी लावा ना. माणूस निम्मा वैतागतो तो नकाराने नाही, हेलपाट्यांनी. आणि मग तो ओळख शोधतो. एकाला फोनवर परवानगी मिळाली की रांगेतल्या बाकीच्यांना नियम म्हणजे थट्टाच वाटणार. म्हणून मेहुण्याला फोन करू दिला नाही. तो अजून थोडा फुगलेलाच आहे. :)

बाबांना सांगायचं मला जड गेलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग दिवसा जाऊ की, सगळ्यांसारखे."

गेलो. आम्ही नऊजणच. बाबा हळूहळू जमेल तेवढे उतरले, एका दगडावर बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. साठ-सत्तर माणसांत त्यांना असं बसायला मिळालं असतं का, कोण जाणे.

कोजागिरी गच्चीवर केली. दूध आटत असताना बाबांनी नातवंडांना आपल्या मेहकरच्या कंचनीची गोष्ट सांगितली. लोणारच्या कमळजेचा दिवा घरून दिसावा म्हणून ती महाल उंच उंच बांधत गेली, ती दंतकथा. धाकटी लगेच कठड्याशी जाऊन लोणारच्या दिशेने बघू लागली. काही दिसलं नाही, पण बराच वेळ उभी होती.

असो. फोटो वेगळे पाठवतो.